आयातदार नाना

नानांना "कसे आहात?" असं विचारायचं नसतं. उरणजवळच्या द्रोणागिरीत नव्याने राहायला आलेली माणसं भिडेखातर विचारतात आणि मग त्यांची लोकल चुकते. "कंबर दुखते हो जरा" एवढ्यावर मोकळं होणं नानांच्या स्वभावात नाही. कंबर तुमची-आमची दुखते. नानांचा 'सोअस' आखडतो, 'फॅशिया' चिकटतो. शिवाय गेल्या पावसाळ्यापासून माकडहाडाच्या आसपास 'काहीतरी न बोललेलं' साठून राहिलंय, असं त्यांना एका शिबिरात सांगण्यात आलं आहे. ते न बोललेलं सोडून बाकी सगळं नाना बोलतात.

वय सदुसष्ट-अडुसष्ट, अंगकाठी शिडशिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात पेनाऐवजी टेनिसचा चेंडू. लांबून बघणाऱ्याला नानांच्या छातीचीच काळजी वाटते. बँकेत असोत, दवाखान्यात असोत, मोकळी भिंत दिसली की चेंडू पाठीमागे धरून नाना तिला टेकतात आणि वर-खाली होऊ लागतात. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये त्यांच्या खांद्याच्या उंचीवर नारायण तेलाचा गोल डाग पडलाय. सेक्रेटरींनी 'लिफ्टमध्ये कोणीही अंग घासू नये' अशी नोटीस बरोबर त्या डागावर चिकटवली. कागदावर चेंडू जास्त सुळसुळीत फिरतो, असा नानांचा अनुभव आहे.

नाना मूळचे बंदराचे. न्हावाशेवा बंदर 1989 साली सुरू झालं आणि त्याच सुमाराला नाना एका क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसात लागले. पुढची सगळी नोकरी बिल ऑफ एंट्री भरण्यात गेली. कंटेनरमध्ये माल काय आहे यापेक्षा तो कुठल्या देशातून आला, लेबल कोणाचं आहे आणि ड्युटी किती पडेल, हे विचारायचं. निवृत्तीनंतर कागद थांबले, सवय थांबली नाही. मग नानांनी स्वतःच्या अंगातच माल उतरवायला सुरुवात केली.

"अरे, ही जागाच त्यासाठी आहे," नाना खिडकीतून करंजाच्या बाजूच्या डोंगराकडे बोट करून सांगतात. लक्ष्मणासाठी मारुतीने द्रोणागिरी उचलून नेला तेव्हा त्यातला एक तुकडा इथं पडला, तोच हा डोंगर, अशी आमच्याकडची आख्यायिका. नानांच्या मते उरण तालुक्यात झालेली ती पहिली औषधी आयात. तीही हवाई मार्गाने आणि ड्युटी न भरता. तिकडे उत्तराखंडातल्या द्रोणागिरी गावात डोंगर नेला म्हणून मारुतीची पूजा आजही करत नाहीत. "एक्स्पोर्टरची तक्रार आहे, पण माल पोचला ना!" म्हणून नाना विषय संपवतात.

दुखण्याचा उगम अगदी साधा. सिलिंडर स्वयंपाकघरात सरकवताना कंबरेत उसण भरली. आमच्याकडे अशा वेळी पहिला शोध पायाळू माणसाचा घेतात. जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाने कंबरेत लाथ घातली की उसण पळते, हा समज किती जुना कोण जाणे. तळमजल्यावरचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा पायाळू निघाला. रविवारी सकाळी नाना पॅसेजमध्ये भिंतीला हात लावून पाठमोरे उभे राहिले. मुलगा संस्कारी. त्याने आधी नानांच्या पाया पडून घेतलं आणि मग लाथ घातली. लाथ इतकी संकोचाने घातली की नाना म्हणाले, "अरे, फीडबॅक दे नीट." दुसरी जरा सणसणीत बसली. चार दिवस नाना ताठ चालत होते. मला विचाराल तर चार दिवसांत उसण तशीही उतरते, पण ही गोष्ट त्यांच्यासमोर काढायची आमची छाती नाही.

पाचव्या दिवशी पुन्हा कळ आली तेव्हा नानांचा मुलगा त्यांना एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे घेऊन गेला. बाई तरुण, कामाच्या. त्यांनी पाय वर उचलून बघितला, बोटं हलवायला लावली, "नस वगैरे काही दबलेली नाही" म्हणाल्या आणि एका कागदावर तीन व्यायामांची चित्रं काढून दिली. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा, शिवाय रोज अर्धा तास चालणं. तो कागद अजून फ्रिजवर आंब्याच्या चुंबकाखाली आहे. त्यातला एकही व्यायाम झाला नाही. नानांची अडचण मी समजू शकतो. त्या कागदावर मूळ देश नव्हता. तेल नव्हतं, सतारीची कॅसेट नव्हती, दुसऱ्या कोणाचा हात नव्हता. सगळं आपलं आपणच करायचं, तेही फुकट. अशा मालाची एंट्री करायची कशी?

एंट्री मात्र करावीच लागते, कारण रजिस्टर आहे. ऑफिसातून निघताना आणलेलं, लाल कापडी पाठीचं, उभ्या रेघांचं. रकाने असे: पद्धत, मूळ देश, संस्थापक, साल, दर, गुण. 2024 च्या जानेवारीत लोकल उरणपर्यंत आली. तोवर ट्रेलरांच्या रांगांमधून, खड्ड्यांतून नेरूळला उपचाराला जायचं म्हणजे परत येईपर्यंत कंबर होती त्याहून वाईट व्हायची. रेल्वे आली आणि नानांची आयात एकदम वाढली.

पहिल्यांदा स्वीडन आलं. स्वीडिश मसाज म्हणजे तेल लावून लांब हात फिरवणं, कणकेसारखं मळणं, मग कडेने थापट्या मारणं. नानांनी अभ्यास केला. पेर लिंग या स्वीडिश गृहस्थाने 1813 साली स्टॉकहोममध्ये व्यायामाची संस्था काढली, म्हणून नाव स्वीडनचं. पण हात फिरवण्याच्या या प्रकारांना जी फ्रेंच नावं आहेत, त्यांचं श्रेय योहान मेत्सगर नावाच्या डच डॉक्टरकडे जातं. हे वाचून नाना रात्रभर अस्वस्थ होते. "माल डच, नावं फ्रेंच आणि लेबल स्वीडनचं! आमच्या वेळी ह्याला मिस-डिक्लरेशन म्हणायचे. कंटेनर अडकला असता." मसाजाने बरं वाटलं का, हे सांगायचं राहूनच गेलं.

थायलंडच्या वेळी नानांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, हरकत घेतली. थाई मसाज हे शब्द वाशीच्या पाट्यांवर ज्या गुलाबी दिव्यात लिहिलेले असतात, त्याबद्दल काकूंची काही मतं होती. नानांनी पुरावा काढला: ही विद्या 2019 साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात घातली आहे, अंगावर कपडे असतात, तेल नसतं, खाली गादीवर निजवून हात-पाय ताणतात. काकू म्हणाल्या, "मग मी बाहेर बसते." आणि खरंच एका मॉलमधल्या दुकानाबाहेर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. आतून नानांचं "आई गं" ऐकू आलं तेव्हाच त्यांचा संशय फिटला. आत एक ठेंगणी बाई नानांच्या पोटऱ्यांवर गुडघे रोवून उभी होती.

तळव्यांचा नकाशाही आला. पायाच्या तळव्यात सगळं शरीर असतं. अंगठा म्हणजे डोकं, मध्यभाग म्हणजे पोट. हा नकाशा अमेरिकेत 1930च्या दशकात युनिस इंगम नावाच्या बाईंनी पक्का केला. नानांना कोणीतरी नकाशा छापलेले मोजे भेट दिले. काकूंनी ते गरम पाण्यात धुतले आणि लिव्हरचा रंग किडनीत उतरला. पुढचे दोन आठवडे नानांनी पथ्य पाळलं.

मग घरात आली काशाच्या थाळीची मशीन. ती हल्ली गावोगावच्या प्रदर्शनांत असते. तळपायाला तूप लावून पाय ठेवायचा, खाली काशाची थाळी गरगर फिरते. आपल्याकडे काशाच्या वाटीने तळपाय घासायची रीत जुनीच. उन्हाळ्यात डोळ्यांची आग होत असली की आजी घासायची आणि झोप छान लागायची. मशीनवाला मात्र झोपेचं नाव काढत नाही, काळ्या झालेल्या तळव्याकडे बोट दाखवतो. "बघा, अंगातली उष्णता निघाली." नानांनी तळवा सोसायटीभर दाखवत फिरवला. काकू शांतपणे उठल्या, पोळपाटावरचं लाटणं घेतलं, त्याला तूप फासलं आणि फिरत्या थाळीवर धरलं. दोन मिनिटांत लाटणं काळं. "ह्याची पण निघाली," काकू म्हणाल्या. काशात तांबं असतं. तूप, घाम आणि घासणं यांनी ते काळं उतरतं, एवढंच. त्या दिवशी पोळ्या झाल्या नाहीत.

अमेरिकेतला मोठा माल म्हणजे कायरोप्रॅक्टिक. 1895 साली डॅव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर नावाच्या माणसाने हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, अशी त्याची जन्मकथा. ऐकू येण्याची नस मणक्यातून जातच नाही, पण जन्मकथांना कोण अडवणार? नानांना त्यातला 'कडाक्' आवाज भावला. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज, असं ते सांगतात. खरं तर सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज; बोटं मोडताना येतो तोच. नानांनी स्वतःच्या मानेचा कडाक् मोबाईलवर रेकॉर्ड करून रिंगटोन लावली. कीर्तनात एकदा ती वाजली आणि बुवांनी अभंग थांबवून स्वतःची मान चाचपून पाहिली. मान झटक्याने फिरवल्यावर क्वचित मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होतो, हे कुठेतरी वाचल्यापासून मात्र नानांनी मान कोणाच्याही हातात देणं सोडलं. रिंगटोन तशीच आहे.

हे सगळं ऐकून नाना अगदीच भोळे वाटत असतील तर तसं नाही. रजिस्टरमधल्या 'संस्थापक' रकान्यात त्यांनी एक गोष्ट बरोबर हेरली. हे बहुतेक लोक स्वतःच्या किंवा घरातल्या दुखण्यापायी या धंद्यात आले. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर हा टास्मानियात जन्मलेला नट; रंगमंचावर आवाज बसायचा. डॉक्टरांना कारण सापडेना तेव्हा तो आरशांसमोर उभा राहिला आणि बोलताना आपण मान मागे खेचतो हे त्याला दिसलं. मोशे फेल्डनक्राइस भौतिकशास्त्रज्ञ आणि ज्युदोत ब्लॅक बेल्ट. गुडघा दुखावला म्हणून चालण्याचा अभ्यास करत बसला. जपानच्या नामिकोशींनी लहानपणी आईचे सुजलेले सांधे दाबून दिले, त्यातून शियात्सू उभी राहिली. आयडा रॉल्फ तर कोलंबिया विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्राच्या डॉक्टर. स्नायूंवरची आवरणं दाबून सरळ करायची त्यांची दहा बैठकांची पद्धत. असले अंग रगडायचे पाश्चात्त्य प्रकार सत्तरच्या दशकात पुण्याला, कोरेगाव पार्कातल्या रजनीश आश्रमातही येऊन पोचले होते. हे कळल्यावर नाना हळहळले. "पुण्याला उतरला माल, आणि आपण इथं बसलोय."

निर्यातीच्या पानावर दोनच नोंदी आहेत. पाटण्याचा शेख दीन महंमद, ज्याने 1814 च्या सुमारास इंग्लंडात ब्रायटनला वाफ आणि चंपीची स्नानगृहं काढली आणि दोन राजांचं अंग चोळलं. आणि पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार, ज्यांना 1952 साली मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन भेटला आणि पुढे युरोप गाठता आला. "दोनच?" मी विचारलं. नाना म्हणाले, "कागदपत्रं असलेली दोनच."

कागदपत्रं नसलेलीही एक नोंद आहे. नातीच्या जन्मानंतर बाळ-बाळंतिणीच्या मालिशीला करंजाहून एक आजी यायची. मांडीवर बाळ पालथं घालून तेलाचा हात असा फिरवायची की मुलगी अंघोळीनंतर तीन तास उठत नसे. नानांनी रजिस्टर उघडलं. तुमची पद्धत कोणती? आजी हसली. "मना माज्या सासूनं शिकवलं." नानांनी लिहिलं: मूळ देश करंजा, संस्थापक सासू, साल नाही. मग आपलीही कंबर पुढे केली. आजीने एका बोटाने दाबून पाहिली. "नाना, काम नाय तुम्हाला. चाला जरा." हा शेरा कुठल्या रकान्यात बसेना, म्हणून तो लिहिला गेला नाही.

पण नानांचा कळस म्हणजे 'सोमॅटिक'. 1976 साली थॉमस हॅना याने हे नाव रूढ केलं: शरीर बाहेरून न बघता आतून अनुभवायचं. पुढे पीटर लेव्हिन यांनी सांगितलं की संकटातून सुटलेलं जनावर थरथर कापून घेतं आणि मोकळं होतं; माणूस ते दाबून ठेवतो. नानांनी ऑनलाइन शिबिर केलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सेक्टरच्या गार्डनमध्ये जाऊन थरथरायला लागले. नवरात्राचे दिवस. करंजाच्या द्रोणागिरी देवीला जाऊन आलेल्या चार बायका फाटकाशी रिक्षातून उतरल्या. बघतात तर डोळे मिटलेला, हात सैल सोडलेला, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत कापणारा म्हातारा. त्यांना दुसरं काय वाटणार? एकीने ओटीतला नारळ समोर ठेवला. दुसरीने कुंकू लावलं. तिसरीने पदर पसरून विचारलं, "आई, माज्या पोराला सिडकोचं घर लागल का?"

शिबिरातल्या बाईंनी सांगितलं होतं, काहीही झालं तरी थरथर अर्धवट तोडायची नाही. नानांनी कापत कापतच उत्तर दिलं, "जे आत आहे, ते बाहेर येईल." त्यांना फॅशियाबद्दल म्हणायचं होतं. महिनाभराने सोडतीत त्या बाईच्या मुलाचं नाव बाहेर आलं. तेव्हापासून सोडत जवळ आली की नानांच्या दारात नारळ येतात. नाना प्रत्येकाला मज्जासंस्था समजावून सांगतात. लोक ऐकतात, मान डोलावतात आणि अर्जाचा नंबर पुढे करतात. काकू खोबऱ्याच्या वड्या करतात.

एकदा मी धीर करून विचारलं, नाना, यातल्या कशाने गुण येतो? त्यांनी कात्रणं काढली. 2008 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेली चाचणी: पाठदुखीच्या 579 रुग्णांपैकी ज्यांना अलेक्झांडर तंत्राचे धडे दिले, त्यांचे दुखण्याचे दिवस वर्षभरानंतरही बरेच कमी होते. 2017 चा अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेचा सल्ला: कंबरदुखीत गोळ्यांच्या आधी शेक, मसाज, व्यायाम करून बघा. या ओळींखाली नानांनी लाल रेघ मारली होती. त्याच सल्ल्यात आणखी एक वाक्य होतं: नव्याने उद्भवलेली कंबरदुखी बहुतेकांची, उपचार कोणताही केला तरी, काळाबरोबर बरी होते. तिथं रेघ नव्हती. आणि 2008 च्या चाचणीत मोजके सहा धडे आणि जोडीला व्यायाम दिलेल्या लोकांनाही जवळपास तेवढाच फायदा झाला होता. व्यायाम हा शब्द नानांच्या चष्म्यातून सुटला असावा.

मला नानांचा राग यायचा तो इथं. आमच्या तालुक्यात खरोखर पाठ मोडलेली माणसं पैशाला पासरी आहेत. यार्डाच्या रांगेत रात्र-रात्र बसून राहणारे ट्रेलरवाले, गोणी उचलणारे माथाडी, टोपल्या डोक्यावर घेऊन फिरलेल्या कोळणी. त्यांना फॅशिया नसतो, त्यांचं नुसतं दुखतं. त्यांना काय हवं ते ठरलेलं आहे: बरी सीट, कमी वजन, पगारी सुट्टी. यांपैकी एकही गोष्ट तेल लावून मिळत नाही. हे सगळं मी एकदा नानांना सुनावलं.

त्यानंतर महिन्याभरातच एक ट्रेलर ड्रायव्हर त्यांच्याकडे आला. एव्हाना नाना गार्डनमधल्या बाकावर बसून लोकांना फुकटात दाबून देऊ लागले होते, आणि हे यार्डापर्यंत पोचलं होतं. नानांनी हात लावण्याआधी नेहमीसारखे प्रश्न विचारले. पाय बधिर आहे म्हणाला, सकाळपासून लघवीचं कळत नाही म्हणाला. नानांनी चेंडू खिशात टाकला. "हा माल आपल्याकडे क्लिअर होत नाही," एवढंच म्हणाले, रिक्षा बोलावली आणि स्वतः त्याला घेऊन इस्पितळात गेले. मणक्यातली गादी सरकून नसा चेपल्या होत्या; त्याच रात्री ऑपरेशन झालं. नाना पहाटेपर्यंत तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांची कंबर खरोखर धरली. रजिस्टरमध्ये ती नोंद नाही.

हल्ली नानांनी स्वतःचीच पद्धत काढली आहे. संस्थापकाचं काहीतरी दुखत असणं ही पात्रता त्यांच्याकडे होतीच. मूळ देश द्रोणागिरी, साल चालू. अंगठ्याच्या पेराखाली एक जागा दाबतात, दुखलं तर "बघ, अडकलंय" म्हणतात, न दुखलं तर "खोलवर अडकलंय." संध्याकाळी सहानंतर गार्डनच्या फाटकाजवळच्या बाकावर असतात, फी नाही, चहा तेच पाजतात. इकडे आलात तर जरूर भेटा. अंगठा द्या, मान देऊ नका. आणि पायाला मुंग्या येत असतील किंवा ताप असेल, तर त्यांच्या बाकावर न थांबता सरळ डॉक्टरकडे जा; नानाही तुम्हाला तिथंच पाठवतील, फक्त आधी मूळ देश विचारतील.